केबिनमधला दुसरा मटका

युसुफभाई,

अक्तीच्या, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी चरोद्याच्या बाजारात मटके घ्यायला गेलो, तर कुंभारीण माझ्या खांद्यावरून मागे पाहायला लागली. तू मागून येत असशील, पानाच्या ठेल्यावर रेंगाळला असशील, असं तिला वाटलं असावं. "तोर संगवारी नइ आइस?" तिने विचारलं. म्हटलं, तो गेला बाई, होळीनंतर गेला. ती मटक्यांवरची धूळ फडक्याने पुसत बसली. मग मीही तुझ्यासारखा उकिडवा बसलो, मटक्याला कान लावला, बोटाने टिचक्या मारल्या. मला सगळे सारखेच वाजले. शेवटी तिनेच दोन निवडून दिले, एक केबिनसाठी आणि एक घरच्या पूजेसाठी.

तुझी नोकरी किती झाली, कोणत्या साहेबाने कधी पाठ थोपटली, हे सगळं युनियनच्या फळ्यावर लिहून झालं आहे. शंटिंग जमादार म्हणून तुझ्या हाताखाली किती गाड्या तुटल्या आणि किती जुळल्या तेही लोक सांगत असतात. मला त्यातलं काही लिहायचं नाही. तुझा-माझा एक वाद अर्धा राहिला आहे, आणि तू मधेच उठून गेलास. वाद अर्धा टाकून चहाला उठायची तुझी सवयच होती, पण परत यायचास. आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलतो आणि दमून जातो.

मी नंबरटेकर म्हणून भिलाईच्या या यार्डात आलो तेव्हा मला हिंदी धड येत नव्हती. केबिनमध्ये तेलुगू होते, बिहारी होते, इथले छत्तीसगढी होते, सगळ्यांचं आपसांत हिंदीवर भागायचं. मी खडू आणि पाटी घेऊन वॅगनचे नंबर टिपत रुळांमधून फिरायचो आणि दिवसभर घशातल्या घशात मराठी गिळायचो. एकदा गिट्टीवरून पाय सटकला, तर मागून आवाज आला, "पाय कोठी ठेवून राहिला बे? आंधळा हायेस का?" वळून पाहिलं तर खाकी सदरा, दाढी आणि तोंडात पान. मला शिवी खाऊन इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तू तुमसरकडचा, पिंजाऱ्याचा मुलगा. तुझे वडील आमच्याच भागात धनुकली घेऊन गाद्यांचा कापूस पिंजत फिरायचे. आमच्या घरची गादीही त्यांनी पिंजली असेल, असं तू म्हणायचास. मग त्या गादीवर मला झोप का लागत नव्हती ते कळलं, असं मी म्हणायचो.

तेव्हापासून यार्डात मी मराठी बोललो ते तुझ्याशीच. माझी मुलं घरातही हिंदीत भांडतात. तू गेल्यापासून ड्युटीवर "का"ऐवजी "कावून" म्हणायला कोणी नाही. हे सांगायला लाज वाटते, पण पहिलं दुःख मला याचंच झालं.

माझे बाबा एकदा चरोद्याला राहायला आले होते, ते तुला आठवत असेलच. बाबा जुन्या वळणाचे. देश तुटला तेव्हा वर्तमानपत्रात वाचलेलं सगळं त्यांनी डोक्यात तसंच ठेवून दिलेलं. तू त्यांना भेटायला अंगणात आलास, पाया पडलास, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचे लोक तिकडं गेले. तू कावून नाही गेला?" माझी मान खाली गेली. तू खाटेच्या कडेवर बसून शांतपणे विचारलंस, "तुमी कावून नाही गेले, काका?" बाबा म्हणाले, "आमी कोठी जाऊ? आमचं घर हाये इथं." तू म्हणालास, "आमचं बी." बाबांना उत्तर आवडलं नाही, पण तू आवडलास, हे मला त्यांच्या खोकण्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी तू त्यांना तुझ्या क्वार्टरवर बोलावलंस. ते तुझ्या घरचं पाणी घेणार नाहीत, हे तुला न सांगता समजलं होतं. तू पाण्याचं नावच काढलं नाहीस. झुबेदाभाभींनी केळी आणून ठेवली, सोलून खायचं फळ, कोणाचा हात लागण्याचा प्रश्नच नाही. बाबांनी दोन केळी खाल्ली आणि तुझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. घरी येताना म्हणाले, माणूस समजदार आहे. मी म्हटलं, बाबा, त्याने तुमची सोय केली, तुम्ही त्याची काय केली?  मी तुझ्याकडे येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडली, तर तू मलाच रागावलास. म्हाताऱ्या माणसाला किती बदलायला लावशील, म्हणालास.

त्या संध्याकाळी केबिनच्या पायरीवर बसून तू गोंदिया स्टेशनची गोष्ट सांगितलीस. तू लहान होतास. फलाटावर दोन पाणीवाले फिरायचे, एक हिंदू पाणी म्हणून ओरडायचा, एक मुसलमान पाणी म्हणून. तुझ्या वडिलांनी ओंजळ केली आणि गडबडीत चुकीच्या माणसापुढे केली. त्याने पाणी घातलं नाही, नुसता पुढे गेला. गाडी सुटली आणि तुम्ही तहानलेलेच तुमसरला उतरलात. "दोघंही एकाच नळावर भरून येत होते," तू म्हणालास, "मी माह्या डोयानं पायलं. देश तं मंग तुटला, वासूबाबू. पानी आधीच तुटलं होतं."

म्हणून केबिनमध्ये एकच मटका असावा, यावर तुझा जीव होता. दरवर्षी वर्गणी तू गोळा करायचास, मटका तू वाजवून आणायचास, खाली वाळूही तूच ओली करायचास. आणि अक्तीच्या आधी नव्या मटक्याला तोंड लावायचं नाही, आधी पितरांचं पाणी, मग जिवंत माणसांचं, हा आमचा नियम सगळ्यात कडक तूच पाळायचास. एका नव्या पोराने अक्तीच्या आदल्या दिवशी त्यात ग्लास बुडवला, तर तू त्याला दारापर्यंत हाकललंस. तो बिचारा विचारत होता, चाचा, तुमको क्या? तू म्हणालास, मटका मैं लाया हूँ.

तुझ्या भावाबद्दल मात्र तू कमी बोलायचास. करीम, तुझ्यापेक्षा बराच मोठा. देश तुटला तेव्हा कामठीच्या मामांबरोबर कराचीला गेला. आईने नको म्हटलं होतं. जे गेले ते वाचले, असं तो म्हणाला आणि निघाला. तू आईच्या पदराला धरून उभा होतास. पुढे आई त्याची वाट पाहत मेली, आणि तू त्याला त्यासाठी कधी माफ केलं नाहीस.

मग एवढ्या वर्षांनी तो आला. व्हिसा फक्त नागपूर-कामठीचा. तुमसरच्या गावाला जाता येत नव्हतं, भिलाईला तर नाहीच नाही. तू सुट्टी टाकून आधी गावाला गेलास, घरामागच्या विहिरीतून पाणी काढलंस, तुझ्या कॅनव्हासच्या छागलीत भरलंस आणि ती थैली खांद्याला लावून कामठीला पोचलास. भाऊ भेटला, रडला, गळ्यात पडला. तू त्याला पाणी दिलंस. त्याने एक घोट घेतला आणि भांडं खाली ठेवून म्हणाला, खारा है. परत आल्यावर हे सांगताना तू हसत होतास, पण तुझा चेहरा मला बघवत नव्हता. "पानी तं तेच हाये बे," तू म्हणालास, "जीभ तिकडची झाली त्याची." 

आता त्या वर्षाकडे यावंच लागतं. त्या हिवाळ्यात मशीद पडली आणि देशभर पेटलं होतं. भिलाईत तसं काही झालं नाही, आपण सगळ्यांना अभिमानाने सांगत होतो की इथे काही झालं नाही. गाड्या येत होत्या, कोळसा उतरत होता, रूळ भरून जात होते. फक्त केबिनमध्ये तू आलास की बोलणं जरा खाली यायचं. रेडिओ कोणीतरी बंद करायचं. हे मला दिसत होतं, तुला तर आधीच दिसलं असणार.

अक्ती जवळ आली, आणि त्या वर्षी तुझ्याकडे वर्गणीचे पैसे कोणी दिले नाहीत. नवीन आलेल्या एका बाबूने परस्पर दोन मटके आणून ठेवले. एक नेहमीच्या जागी, एक दाराजवळ. दोन्हींवर सारखी झाकणं, सारखे पेले. कुठे काही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, सब की सुविधा के लिए, गर्मी बहुत है. तो माणूस काही दुष्ट नव्हता, युसुफभाई. तुला रोज नमस्ते करायचा, तुझ्या सलीमच्या लग्नात त्याने आहेर दिला होता. म्हणूनच मला काय म्हणावं ते सुचलं नाही. भांडायला समोर भांडखोर तरी पाहिजे.

तू ड्युटीवर आलास, दोन्ही मटक्यांकडे पाहिलंस, हजेरी लावलीस आणि बाहेर यार्डात गेलास. दुसऱ्या दिवशी छागल घेऊन आलास, तीच कामठीवाली. खिडकीच्या खिळ्याला टांगलीस. त्या दिवसापासून तू कोणत्याच मटक्यातलं पाणी प्यायला नाहीस, आणि दाराजवळचा मटका भरलेला तसाच राहिला.

माझं डोकं फिरलं. मी तो दुसरा मटका फोडायला निघालो होतो, तू हात धरलास. म्हणालास, फोडून काय होईल, उद्या ते नवा आणतील आणि तुझं नाव वर जाईल. मी म्हटलं, मग चल, पहिल्या मटक्यातलं पी, सगळ्यांसमोर पी, कोण काय म्हणतो ते मी पाहतो. तू म्हणालास, "तू पायशील रे. पन मंग रोज पाहावं लागल तुले. मी थकलो, वासूबाबू. मले पानी पेयाचं हाये, लढाई नाही लढाची."

मी ऐकलं नाही. निषेध म्हणून दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांच्या देखत दाराजवळच्या मटक्यातून मोठा ग्लास भरून घेतला आणि गटागटा प्यायलो. कोणी पितच नसल्यामुळे ते पाणी कितीतरी दिवसांचं शिळं होतं, तळाशी हिरवं आलेलं. मला तीन दिवस अंथरूण सोडता आलं नाही. मीठ-साखरेचं पाणी करून घेऊन तूच आलास आणि माझ्या खाटेजवळ बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. तुझ्या वहिनीला, प्रमिलालाही हसू आवरेना. एवढं हसताना मी तुला पुन्हा पाहिलं नाही.

बरा झाल्यावर मी तुला ते बोललो. जे बोललो ते मला आजही खोटं वाटत नाही, म्हणून माफीही मागत नाही. मी म्हटलं, तू भावावर आयुष्यभर रागावलास, पण तू केलंस ते त्याचंच. कोणी हाकलायच्या आधी त्याने आपलं बोचकं बांधलं, कोणी हटकायच्या आधी तू आपली थैली आणलीस. वेगळं होण्याचं काम तूच सोपं करून दिलंस. आता हे म्हणतील, आम्ही कुठे काय केलं, त्याने स्वतःच वेगळं पाणी आणलं. आणि ते तसंच म्हणत होते.

तू रुळांकडे पाहिलंस. हम्पच्या चढावरून सुटलेला एक डबा संथपणे खाली येत होता, तो जाऊन पुढच्याला लागला. मग म्हणालास, "भाऊ गेला. मी तं इथंच हाये ना, तुह्या बाजूले बसून. फक्त पानी माहं हाये. एवढं तं राहू दे." आणि छागलीचं बूच काढून माझ्यापुढे धरलीस. "पे."

मी घेतली नाही. मी म्हटलं, दोन मटके झाले तेवढे पुरे, तिसरं पाणी मला नको. ज्या दिवशी तू मटक्यातलं पिशील त्या दिवशी मी तुझ्या थैलीतलं पिईन. तू बूच लावलंस. यानंतर तू मला अधूनमधून थैली दाखवायचास, मी मटक्याकडे बोट दाखवायचो. हळूहळू त्याची थट्टा झाली आणि थट्टेत वाद झाकला गेला. पुढच्या अक्तीलाही दोन मटके आले. नवीन पोरांना वाटायचं, पहिल्यापासून असंच असतं.

तुला काविळीने धरलं ते लवकर कळलं नाही. रेल्वेच्या दवाखान्यात तुला भेटायला आलो तेव्हा तू पिवळा पडला होतास, आणि बोलायला लागलास ते यार्डाबद्दलच. अमुक लाइनीचा रूळ बदलायचा पॉइंट जड जातो, तेल घालायला सांग. रिटायर झाल्यावर गावाला जाऊन विहीर उपसायची आहे, म्हणालास. मला तेव्हा आपला वाद काढायचा होता. तू बरोबर होतास असं म्हणायचं नव्हतं, मला तसं अजूनही वाटत नाही. फक्त एवढं म्हणायचं होतं की तू माझ्या बाजूला बसलेला होतास, आणि मला तेवढं पुरत होतं. पण आजारी माणसाला असं कसं सांगायचं? ते निरोपासारखं वाटलं असतं. मी पॉइंटला तेल घालतो म्हणून उठलो.

तुझ्या मातीला आख्खी केबिन आली होती. मीही तीन मुठी माती घातली. तो मटकेवाला बाबूही घालत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी. तिसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो तर दाराजवळचा मटका नव्हता. मी विचारलं, कुठे गेला? तो सहज म्हणाला, अब क्या ज़रूरत है, जगह घेरता था. युसुफभाई, ज्यासाठी तू आणि मी एवढं झुरलो ते झालं. केबिनमध्ये पुन्हा एकच मटका आहे. तू मेल्यावर झाला. मी खुर्चीवर बसून राहिलो. रागवायचं त्राणही नव्हतं.

अक्तीच्या सकाळी झुबेदाभाभींकडे गेलो. केबिनमधून तुझ्या वस्तू सलीमने आधीच आणल्या होत्या. भाभींनी छागल आणून माझ्या हातात दिली, म्हणाल्या, "तुमीच ठेवा भाऊ, यायनं तुमाले लय वेळा देऊ केली होती." थैली जड लागली. भांडं रिकामं द्यायचं नाही, म्हणून त्यांनी ती भरून दिली होती.

मी ती खांद्याला लावून घरी आलो. प्रमिलाने पाटाखाली गहू पसरले होते, वर नवी घागर मांडली होती, बाजूला पन्हं, वडे, पत्रावळ. बाबा गेल्यापासून दरवर्षी त्यांच्या नावाने भरतो ती घागर. ती नळाचं पाणी ओतणार एवढ्यात मी तिला थांबवलं आणि छागलीचं बूच काढलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबांची घागर आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो. त्यातच." तिला वाटलं असेल मी तुझ्यासाठी दुसरी घागर आणायला विसरलो. विसरलो नव्हतो. बाजारात कुंभारणीने विचारलं होतं, दो ले जात हस, एक अउ दँव का? मी तिसरा नको म्हटलं होतं.

सगळं पाणी ओतलं. घागर गळ्यापर्यंत भरली. बाबांचं नाव घेऊन झाल्यावर प्रमिला अडली, म्हणाली, भाईंचं नाव कसं घ्यायचं, गोत्र काय सांगायचं? मी म्हटलं, नुसतं युसुफभाई म्हण, बाबा ओळखतात. त्यांनी तुझ्या घरचं पाणी कधी घेतलं नाही. आता घ्यावं लागेल. तिकडे वाद घालायचा तर तुम्ही दोघं घाला, मी खूप घातला.

पूजा झाल्यावर प्रमिलाने त्या घागरीतून पहिला पेला मला भरून दिला. मी तो प्यायलो. थोडा कॅनव्हासचा वास होता आणि पाणी गार होतं. आता वर्षभर आमच्या घरात याच घागरीतलं पाणी. तू टांग बरं आता तुझी वेगळी थैली.